पाणी उतरणाऱ्या बरणीचा आलेख: ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर वर्ग समीकरण कसे बसवायचे

पुण्यात पाणीकपात सुरू झाली की तोटीची स्टीलची पिंपे पुन्हा भरून ठेवली जातात. भरलेल्या पिंपाची तोटी उघडली की धार जोरात पडते. पिंप तळाला आले की तीच धार बारीक होते. म्हणून "अर्धे पिंप दहा मिनिटांत रिकामे झाले, म्हणजे उरलेले अर्धे आणखी दहा मिनिटांत संपेल" हा हिशेब चुकतो. तोटी तळाशी असेल तर उरलेल्या अर्ध्याला जवळजवळ अडीचपट वेळ लागतो. हे अडीचपट कुठून आले ते ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर स्वतः काढून बघता येते, आणि त्या निमित्ताने आकडेवारीला वर्ग समीकरण बसवण्याची, म्हणजे क्वाड्रॅटिक रिग्रेशनची, सगळी रीत हाताखालून जाते.

राज्य मंडळाच्या गणिताच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांचा या यंत्राशी संबंध येतो तो आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या वर्गात किंवा पुढे कॉलेजात. पण दहावीला वर्गसमीकरणे शिकलेल्या कोणालाही हा लेख पुरेसा आहे. कॅल्क्युलेटर नसेल तर फोनवरही सगळे करता येते, ते शेवटाकडे दिले आहे. समीकरण बसवणे यंत्राला एका सेकंदाचे काम आहे. आकडे नीट घेणे आणि आलेल्या समीकरणाची उलटतपासणी करणे हे आपले काम, आणि लेखातली जास्त जागा मी त्यालाच दिली आहे.

आकडे गोळा करणे

सरळ बाजूंची, पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या. तुळशीबागेत अशा बरण्या हव्या त्या मापात मिळतात. बाजू सरळ असणे महत्त्वाचे आहे: कमरेत निमुळती बाटली घेतली तर पाण्याची पातळी कधी भरभर, कधी हळू उतरेल आणि साधे वर्ग समीकरण बसणार नाही. बरणीचा आतला व्यास १० सेंटिमीटर धरू. तळापासून थोडे वर, बाजूला, साडेतीन मिलिमीटरच्या ड्रिल बिटने छिद्र पाडा आणि कडेचे प्लास्टिकचे तुसे ब्लेडने काढून टाका.

बरणीच्या बाहेर उभी कागदी पट्टी चिकटवा. तिचा शून्य बरणीच्या तळाशी ठेवायचा नाही, तो छिद्राच्या मध्यावर ठेवायचा. ही बाब बारीक वाटते, पण पुढे समीकरणाचा अर्थ लावताना सगळे यावरच उभे राहते. झाकण उघडे ठेवा. छिद्रावर बोट धरून १६ सेंटिमीटरपर्यंत पाणी भरा, फोन समोर टेकवून व्हिडिओ सुरू करा, शेजारी स्टॉपवॉच दिसेल असे ठेवा आणि बोट काढा. वाचन नंतर व्हिडिओ थांबवून घ्यायचे. पाण्याचा पृष्ठभाग कडेला किंचित वर चढलेला दिसतो. मधला सखल भाग वाचा, आणि कॅमेरा वर-खाली न करता पाण्याच्या पातळीजवळ ठेवा.

नमुन्यादाखल ही आकडेवारी धरू. पुढचे सगळे गणित हिच्यावर केले आहे. वेळ सेकंदांत, उंची छिद्राच्या वर सेंटिमीटरमध्ये:

वेळ ० — उंची १६.०
वेळ २० — उंची १३.४
वेळ ४० — उंची ११.२
वेळ ६० — उंची ९.०
वेळ ८० — उंची ७.०
वेळ १०० — उंची ५.५
वेळ १२० — उंची ४.०
वेळ १४० — उंची २.७
वेळ १६० — उंची १.८

१६० सेकंदांना थांबलो, कारण त्याखाली पाणी धार सोडून बरणीच्या अंगावरून ओघळू लागते आणि तिथे नियमच बदलतो. वेगळ्या नियमाने घडलेली वाचने एकाच समीकरणात कोंबू नयेत.

वर्ग समीकरणच का?

कॅल्क्युलेटरच्या यादीत सरळ रेषा, वर्ग, घन, घातांकी अशी समीकरणे ओळीने मांडलेली असतात. त्यातून एकेक लावून ज्याचा आकडा मोठा दिसेल ते उचलणे ही रीत मला पटत नाही. आधी घटनेला विचारावे.

टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४ मध्ये छापलेल्या ग्रंथात मांडले की छिद्रातून निघणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. बरणी सरळ बाजूंची असली की पातळी उतरण्याचा वेगही त्याच प्रमाणात येतो. त्यावरून निघते असे की उंचीचे वर्गमूळ ठरावीक वेळात ठरावीक इतकेच कमी होत जाते. वर्गमूळ सरळ रेषेत उतरत असेल, तर उंची ही त्या रेषेचा वर्ग, म्हणजे वर्ग बहुपदी.

हे आकड्यांवर लगेच पडताळता येते. वरच्या उंचींची वर्गमुळे अशी येतात: ४.००, ३.६६, ३.३५, ३.००, २.६५, २.३५, २.००, १.६४, १.३४. दर वीस सेकंदांना साधारण ०.३३ ची घट. वाचनात एखाद्या मिलिमीटरची चूक गृहीत धरली तर याहून नीट उतार मिळणे अवघड. म्हणजे वर्ग समीकरण बसवायला आपल्याकडे कारण आहे.

याद्या भरणे आणि ठिपके बघणे

पुढच्या पायऱ्या टीआय-८४ प्लस या कॅल्क्युलेटरच्या आहेत. पडद्यावर सगळे इंग्रजीत दिसते. इथे बटणांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

१. 'स्टॅट' दाबा, पहिला पर्याय 'एडिट' निवडा. एल-१, एल-२ अशा याद्यांचे रकाने दिसतील.

२. जुने आकडे असतील तर बाणाने थेट एल-१ या नावावर जा, 'क्लिअर' दाबा, मग 'एंटर'. तिथे 'डिलीट' दाबू नका, त्याने यादीच पडद्यावरून निघून जाते. निघून गेलीच तर 'स्टॅट'मधला पाचवा पर्याय 'सेटअप एडिटर' निवडून 'एंटर' दाबा, ती परत येते.

३. एल-१ मध्ये वेळ, एल-२ मध्ये उंची भरा. भरून झाल्यावर दोन्ही रकान्यांत नऊच आकडे आहेत ना ते मोजा आणि प्रत्येक जोडी वहीशी ताडून बघा. ११.२ च्या जागी १.१२ पडले तर कॅल्क्युलेटर तक्रार करणार नाही, तो निमूटपणे चुकीचे समीकरण देईल.

४. 'वाय=' दाबून आधीची समीकरणे पुसा. मग 'सेकंड' आणि 'वाय=' दाबून 'स्टॅट प्लॉट' उघडा, पहिला प्लॉट 'ऑन' करा, सुट्या ठिपक्यांचा प्रकार निवडा, आडवी यादी एल-१, उभी यादी एल-२.

५. 'झूम' आणि ९. पडदा आकडेवारीच्या मापाचा होतो आणि ठिपके दिसतात.

इथे घाई करू नका. ठिपके डावीकडे उंच, उजवीकडे सखल, आणि उतार हळूहळू मंदावत गेलेला दिसायला हवा. एखादा ठिपका रांगेतून फुटून बाहेर पडला असेल तर व्हिडिओ पुन्हा बघा. वाचनाची चूक असेल तर दुरुस्त करा. चूक सापडत नसेल तर ठिपका तसाच राहू द्या. तो नजरेला खुपतो एवढ्या कारणाने पुसणे हा आकडेवारीवर अन्याय आहे.

समीकरण काढणे

६. 'स्टॅट' दाबा, उजव्या बाणाने 'कॅल्क'वर जा, पाचवा पर्याय 'क्वाड-रेग'.

७. आडवी यादी एल-१, उभी यादी एल-२, वारंवारतेची जागा रिकामी. 'स्टोअर' या ओळीवर या आणि 'व्हार्स', मग उजवीकडे 'वाय-व्हार्स', 'फंक्शन', 'वाय-१' असे निवडा. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि मग समीकरण हाताने टाइप करताना दशांश स्थळे कापली जातात. साठवून घेतले की सगळी स्थळे जशीच्या तशी राहतात. जुन्या यंत्रांत अशी चौकट येत नाही. तिथे 'क्वाड-रेग'च्या पुढे एल-१, स्वल्पविराम, एल-२, स्वल्पविराम, वाय-१ असे ओळीत लिहायचे.

८. 'कॅल्क्युलेट'वर 'एंटर'.

पडद्यावर 'वाय = ए एक्स² + बी एक्स + सी' हे रूप आणि खाली सहगुणक दिसतात. आपल्या आकड्यांसाठी:

ए = ०.०००२७८६८
बी = −०.१३३५८८७
सी = १६.००४८४८

पडद्यावर मात्र 'ए' हा २.७८६७९… आणि शेवटी 'ई −४' असा दिसतो. त्याचा अर्थ २.७८६७९ भागिले दहा हजार. शेपटीकडे लक्ष न देता ए = २.७९ लिहिणे ही इथे सर्वांत जास्त होणारी चूक आहे. त्याने वीस सेकंदांना पाण्याची उंची हजार सेंटिमीटरच्या वर जाते. दुसरी चूक चार दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन करून ए = ०.०००३ घेण्याची. फरक किरकोळ वाटतो, पण तो वेळेच्या वर्गाने गुणला जातो. १६० सेकंदांना उत्तर अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त वर सरकते, आणि तिथे मुळात पाणीच १.८ सेंटिमीटर आहे. लहान सहगुणक लिहिताना दशांश स्थळे मोजू नका, शून्यांनंतरचे सार्थ अंक मोजा, चार-पाच ठेवा.

समीकरण आकड्यांना किती जवळून बसले ते सांगणारा 'आर²' दिसत नसेल तर 'सेकंड' आणि ० दाबून 'कॅटलॉग' उघडा, 'डायग्नॉस्टिक ऑन' शोधून दोनदा 'एंटर' द्या आणि क्वाड-रेग पुन्हा चालवा. नव्या यंत्रांत हा पर्याय 'मोड'मध्येही आहे. आपल्याकडे आर² = ०.९९९८ येतो.

यंत्राने हे सहगुणक निवडले कसे? प्रत्येक ठिपका आणि वक्र यांच्यातले उभे अंतर घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, नऊही वर्गांची बेरीज करायची. ज्या ए, बी, सी ने ही बेरीज सर्वांत कमी होते ते उत्तर. ही न्यूनतम वर्गांची पद्धत. गणितज्ञ लजांद्रने ती १८०५ मध्ये प्रसिद्ध केली आणि गणितज्ञ गाउसने १८०९ मध्ये. आपल्या वक्रासाठी ही बेरीज ०.०३१ आहे. वर्ग घेतल्यामुळे एखादा फार लांबचा ठिपका साऱ्या वक्राला स्वतःकडे ओढतो, म्हणून आधी ठिपके डोळ्यांनी बघायला सांगितले.

सरळ रेषेचा ०.९८

आता मुद्दाम चुकीचे समीकरण बसवा. 'स्टॅट', 'कॅल्क', चौथा पर्याय 'लिन-रेग', आणि ते वाय-२ मध्ये साठवा. उत्तर येते: उंची = −०.०८९ × वेळ + १४.९६. आर² = ०.९८.

०.९८ बघून कोणीही खूश होईल. प्रयोगवहीत हा आकडा लिहिला तर शिक्षकही बहुधा काही म्हणणार नाहीत. पण ही रेषा सांगते की पाणी १६८ सेकंदांत संपेल. प्रत्यक्षात १६० सेकंदांना १.८ सेंटिमीटर पाणी शिल्लक आहे, आणि ते आठ सेकंदांत जाणार नाही. सुरुवातीची उंचीही ती १४.९६ देते, आपण भरली होती १६.

आर² हे का पकडत नाही? तो एवढेच सांगतो की उंचीतल्या चढउतारापैकी किती वाटा समीकरणाने उचलला. उंची १६ वरून १.८ वर आली. कोणतीही उतरती रेषा त्यातला मोठा वाटा उचलणारच. वळण चुकले की नाही हे त्याला विचारून कळत नाही. त्यासाठी शेष बघावे लागतात, म्हणजे प्रत्येक ठिकाणी मोजलेली उंची वजा समीकरणाने दिलेली उंची.

सरळ रेषेचे शेष क्रमाने असे आहेत: +१.०४, +०.२२, −०.२०, −०.६२, −०.८४, −०.५६, −०.२८, +०.२०, +१.०८. चिन्हांकडे बघा. दोन्ही टोकांना अधिक, मध्ये सगळे उणे. हा योगायोग नव्हे; रेषेला जे वळण घेता आले नाही तेच शेषांत उमटले आहे.

वर्ग समीकरणाचे शेष: −०.००, −०.०४, +०.०९, +०.०१, −०.१०, +०.०७, +०.०१, −०.०६, +०.०४. चिन्हे विखुरलेली, आणि सर्वांत मोठा शेष एक मिलिमीटरचा. आपण पट्टी वाचलीच मिलिमीटरपर्यंत. म्हणजे जे उरले आहे ती वाचनातली अनिश्चितता आहे, याहून जास्त या आकडेवारीतून पिळून काढण्यासारखे काही नाही.

शेष पडद्यावर बघायची रीत अशी. कॅल्क्युलेटर शेवटच्या रिग्रेशनचे शेष 'रेसिड' नावाच्या यादीत आपोआप ठेवतो. म्हणून वर्ग समीकरणाचे बघायचे असतील तर सरळ रेषेनंतर क्वाड-रेग पुन्हा चालवा. मग 'स्टॅट प्लॉट'मध्ये दुसरा प्लॉट सुरू करा, आडवी यादी एल-१, उभ्या यादीच्या जागी 'सेकंड' आणि 'स्टॅट' दाबून यादीतून 'रेसिड' निवडा. पहिला प्लॉट बंद करा, 'वाय='मध्ये दोन्ही समीकरणांच्या बरोबर चिन्हावर जाऊन 'एंटर' दाबा म्हणजे तीही लपतील. 'झूम' ९. एक काळजी घ्या: 'झूम' ९ लहान शेषही पडदाभर मोठे करून दाखवतो. उभ्या अक्षावरचे माप 'विंडो'त जाऊन वाचल्याशिवाय घाबरू नका किंवा समाधानही मानू नका.

घन समीकरण बसवले तर आर² आणखी वर जाईल. तो कमी होऊच शकत नाही, कारण जास्तीचे एक पद वापरायचे नसेल तर त्याला शून्य सहगुणक देण्याची मुभा असतेच. नऊ ठिपक्यांतून आठ घातांची बहुपदी तर प्रत्येक ठिपक्यावरून तंतोतंत जाते, आणि ती पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. शेष विखुरले की थांबायचे.

आलेखाला प्रश्न विचारणे

पहिला प्लॉट आणि वाय-१ पुन्हा सुरू करा, दुसरा प्लॉट बंद करा. 'विंडो'मध्ये आडवे अक्ष ० ते ३२०, उभे −२ ते १८ असे ठेवा.

७० सेकंदांना उंची किती होती? आपण ती मोजलेली नाही. 'सेकंड' आणि 'ट्रेस' दाबा, पहिला पर्याय 'व्हॅल्यू', ७० लिहा, 'एंटर'. उत्तर ८.०२ सेंटिमीटर. मोजलेल्या वाचनांच्या मधली किंमत असल्यामुळे यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पाणी बरोबर अर्धे, म्हणजे ८ सेंटिमीटर, कधी झाले? वाय-२ मधली सरळ रेषा पुसून तिथे ८ लिहा. 'सेकंड', 'ट्रेस', पाचवा पर्याय 'इंटरसेक्ट'. पहिला वक्र, दुसरा वक्र, अंदाज असे तीनदा विचारले जाते. कर्सर डावीकडच्या छेदाजवळ नेऊन तिन्ही वेळा 'एंटर' द्या. उत्तर ७०.२ सेकंद.

आता शिरोबिंदू, म्हणजे या वक्राचा सर्वांत खालचा बिंदू. त्याच यादीतला तिसरा पर्याय 'मिनिमम'. डावी मर्यादा २००, उजवी २८०, अंदाज २४० द्या. उत्तर: वेळ २३९.७ सेकंद, उंची −०.००४५ सेंटिमीटर. हाताने करायचे तर −बी भागिले २ए, तेच येते.

म्हणजे अर्धे पाणी ७० सेकंदांत गेले आणि उरलेल्या अर्ध्याला आणखी १७० सेकंद लागणार. पिंपाच्या हिशेबातले अडीचपट हेच. नेमके प्रमाण २.४१ आहे, आणि सरळ बाजूंच्या कोणत्याही भांड्याला, तोटी तळाशी असेल तर, ते लागू पडते.

शिरोबिंदूची उंची शून्याच्या इतकी जवळ आली ही या प्रयोगातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. कॅल्क्युलेटरला टॉरिचेली माहीत नव्हता. त्याला वाटेल ते ए, बी, सी निवडायची मोकळीक होती, तरी त्याने असा अन्वस्त (पॅराबोला, म्हणजे वर्ग समीकरणाचा वक्र) निवडला की तो आडव्या अक्षाला जेमतेम टेकतो. खाली गेला तो मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षाही कमी. दहावीच्या भाषेत सांगायचे तर विवेचक जवळजवळ शून्य: बी² = ०.०१७८४६ आणि ४एसी = ०.०१७८४१. सिद्धान्त हेच म्हणतो, कारण एका रेषेच्या वर्गाची दोन्ही मुळे समान असतात. पट्टीचा शून्य छिद्राच्या मध्याऐवजी बरणीच्या तळाशी ठेवला असता तर सगळा वक्र तेवढाच वर सरकला असता आणि ही खूण दिसली नसती.

याच वक्राला ३०० सेकंदांची उंची विचारा. तो १.०१ सेंटिमीटर सांगेल. अन्वस्त शिरोबिंदूनंतर वर वळतो, पाणी बरणीत परत येत नाही. समीकरणासोबत त्याची हद्द लिहायची सवय यासाठीच लावून घ्यावी: "० ते १६० सेकंद मोजलेले, २४० पर्यंत तर्काने, त्यापुढे लागू नाही." कांद्याचे भाव असोत किंवा एखाद्या गावाची लोकसंख्या, वर्ग समीकरण बसवून पुढच्या दहा वर्षांचे भाकीत करणारे आलेख नेहमी दिसतात. त्यांत शिरोबिंदू कुठे आहे आणि त्यापलीकडे काही अर्थ उरतो का, हे आधी तपासा.

सहगुणकांचा अर्थ

'सी' ही सुरुवातीची उंची: १६.००, आपण भरलेली. 'बी' हा सुरुवातीचा उतरण्याचा वेग: सेकंदाला ०.१३४ सेंटिमीटर. 'ए'ची दुप्पट म्हणजे तो वेग दर सेकंदाला किती मंदावतो. एकके सोबत लिहा. 'ए'चे एकक सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग आहे, 'बी'चे सेंटिमीटर प्रति सेकंद. एकके लिहिली की सहगुणकांची अदलाबदल लगेच लक्षात येते.

'बी'मधून आणखी एक गोष्ट निघते. बरणीचा व्यास १० सेंटिमीटर, छिद्राचा ०.३५; क्षेत्रफळांचे गुणोत्तर सुमारे ८१६. म्हणजे सुरुवातीला छिद्राच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे सेकंदाला ०.१३३६ गुणिले ८१६, म्हणजे १०९ घन सेंटिमीटर पाणी बाहेर पडत होते. टॉरिचेलीच्या नियमाने धारेचा वेग (दोन गुणिले जी गुणिले उंची) या साऱ्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका; जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण. पुण्यात जी साधारण ९७८ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग आहे. त्याने वेग येतो सेकंदाला १७७ सेंटिमीटर. १०९ भागिले १७७ म्हणजे ०.६२. बाकीचे पाणी कुठे गेले? तीक्ष्ण कडेच्या छिद्रातून बाहेर पडताना धार आकुंचन पावते आणि छिद्रापेक्षा बारीक होते, म्हणून असा गुणांक ०.६ च्या थोडा वर येतो. धरणाच्या दारांतून किती पाणी सुटेल याचा हिशेबही अशाच गुणांकांवर चालतो. १९१६ मध्ये सुरू झालेल्या आणि आता खडकवासल्याला असलेल्या, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत धरणांच्या प्रतिकृती बांधून पाण्याच्या वाहण्याचा अभ्यास होतो.

दुसरे यंत्र असेल तर

कॅसिओच्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर 'मेनू'तून 'स्टॅटिस्टिक्स' उघडा, लिस्ट-१ आणि लिस्ट-२ भरा, मग खालच्या पट्टीतून 'कॅल्क', 'रेग' आणि 'एक्स²'. रूप तेच, ए हा वर्गपदाचा सहगुणक.

अप्पा बळवंत चौकात सहज मिळणारे आणि इंजिनीअरिंगच्या मुलांच्या हातात दिसणारे कॅसिओ एफएक्स-९९१ आलेख काढत नाहीत, पण वर्ग समीकरण बसवतात. जुन्या ईएस प्रकारात 'मोड', ३, परत ३. आकडे भरून 'एसी'. मग 'शिफ्ट' १ आणि 'रेग'. इथे सावध राहा: या यंत्रात रूप उलटे आहे, ए + बी एक्स + सी एक्स². म्हणजे त्याचा ए १६.००४८ येईल आणि सी ०.०००२७८७. दोघांनी दोन यंत्रांवर केलेली उत्तरे जुळत नसतील तर आधी इथे बघा.

फोनवर डेसमॉस मोफत आहे. नवा तक्ता घालून आकडे भरा. पुढच्या ओळीत वाय-१ लिहून बरोबर चिन्हाऐवजी टिल्डचे नागमोडी चिन्ह द्या, मग ए एक्स-१ वर्ग अधिक बी एक्स-१ अधिक सी. सहगुणक, आर² आणि शेष काढायचे बटण तिथेच येते. हे सगळे मोठ्या पडद्यावर दाखवता येत असल्याने वर्गात शिकवायला मला तेच सोयीचे वाटते.

अडलात तर

'डायमेन्शन मिसमॅच' आले तर दोन याद्यांची लांबी सारखी नाही. 'इनव्हॅलिड डायमेन्शन' आले तर बहुधा एखादा प्लॉट रिकाम्या यादीवर सुरू राहिला आहे. 'स्टॅट प्लॉट'मध्ये जाऊन तो बंद करा. 'सिंटॅक्स' आले तर उणे संख्येसाठी वजाबाकीचे बटण वापरले असेल. ऋण चिन्हाचे बटण वेगळे, कंसातले. 'व्हॅल्यू' चूक दाखवत असेल तर विचारलेली वेळ 'विंडो'च्या बाहेर आहे. आडव्या यादीत २०११, २०१२ अशी वर्षे असतील तर ती तशीच भरू नका, सुरुवातीचे वर्ष शून्य धरा. नाहीतर 'सी' म्हणजे इसवी सन शून्यातली किंमत होते आणि सहगुणक अवाढव्य येतात.

एवढे जमले की दुसरी तशीच बरणी घेऊन सात मिलिमीटरचे छिद्र पाडा. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, म्हणून रिकामे होण्याचा वेळ साधारण चौथाई, साठ सेकंदांच्या आसपास. प्रयोग करण्याआधी ए, बी, सी काय येतील ते कागदावर लिहा: सी तोच, बी चौपट, ए सोळापट. वाचने पाच-पाच सेकंदांनी घ्यावी लागतील, तेव्हा व्हिडिओ सावकाश चालवूनच वाचा.